घरगुती उष्णता पंपातील पाणीगळती

घरगुती उष्णता पंपातील पाणीगळती म्हणजे घर थंड वा उबदार करणाऱ्या, किंवा घरासाठी पाणी तापवणाऱ्या उष्णता पंपातून नेमून दिलेला निचरामार्ग सोडून अन्यत्र पाणी बाहेर पडणे होय. उष्णता पंपाच्या कार्यात पाणी निर्माण होणे हा दोष नाही. हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर जमा होऊन त्याचे पाणी होणे ही त्याच्या कार्याची अटळ बाजू आहे. हे पाणी योग्य ठिकाणी न जाता भिंतीत, छतात, जमिनीवर किंवा विद्युत भागांवर पोहोचते तेव्हा त्यास गळती म्हणतात. बहुतांश वेळा तिचे मूळ निचऱ्यातील अडथळा, चुकीचा उतार, अपुरे उष्णतारोधन किंवा गोठलेली वेटोळी यांपैकी एकात असते. पाण्यावर चालणाऱ्या प्रणालींत सांधे, झडपा व टाकी हीदेखील गळतीची ठिकाणे असतात.

पार्श्वभूमी

उष्णता पंप हे उष्णता कमी तापमानाच्या ठिकाणाहून अधिक तापमानाच्या ठिकाणी नेणारे यंत्र आहे. त्यात शीतक नावाचा द्रव बंद नळ्यांमधून फिरतो. बाष्पकात तो उष्णता शोषून वायुरूप होतो, संपीडकात त्याचा दाब व तापमान वाढते, संघनकात तो उष्णता सोडून पुन्हा द्रवरूप होतो आणि प्रसरण झडपेतून जाताना थंड होतो. शीतकपेटी व वातानुकूलन यंत्र याच तत्त्वावर चालतात. चतुर्मार्गी झडपेच्या साहाय्याने शीतकाची दिशा उलटवता येत असेल, तर तेच यंत्र उन्हाळ्यात खोली थंड आणि हिवाळ्यात उबदार करू शकते. भारतात ‘हॉट अँड कोल्ड’ या नावाने विकली जाणारी स्प्लिट यंत्रे याच प्रकारची असतात.

घरगुती वापरात मुख्यतः पुढील प्रकार आढळतात.

• हवा ते हवा: बाहेरील हवेतील उष्णता घरातील हवेला देणारे किंवा उलट कार्य करणारे. यात भिंतीवरील स्प्लिट यंत्रे आणि वायुमार्गांद्वारे सर्व खोल्यांना हवा पुरवणारी मध्यवर्ती यंत्रे येतात.
• हवा ते पाणी: बाहेरील हवेतील उष्णता रेडिएटर किंवा जमिनीखालील नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याला देणारे. युरोपात हा प्रकार मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.
• भूऔष्णिक: जमिनीत पुरलेल्या नळ्यांमधून उष्णता घेणारे.
• जलतापक: टाकीतील वापराचे पाणी तापवणारे.

पाण्याचा उगम

हवेतील बाष्प

हवा जितकी उबदार, तितके अधिक बाष्प ती धारण करू शकते. ३० अंश सेल्सिअस तापमान व ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या १ घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते, तर १२ अंश तापमानाची संपृक्त हवा सुमारे ११ ग्रॅम बाष्पच धारण करू शकते. त्यामुळे अशी हवा थंड वेटोळ्यावरून जाताना उरलेले सुमारे १३ ग्रॅम बाष्प पाण्याच्या रूपात वेटोळ्यावर साठते. ज्या तापमानाला ही क्रिया सुरू होते त्यास दवबिंदू म्हणतात. वर दिलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. म्हणजे त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर, मग ते वेटोळे असो, तांब्याची नळी असो वा यंत्राचे प्लास्टिकचे आवरण असो, दव जमू शकते.

१ टन क्षमतेचे यंत्र सुमारे ३.५ किलोवॅट दराने उष्णता काढून घेते. दमट हवेत त्यांपैकी ३० टक्के क्षमता बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होते असे धरल्यास, दर तासाला सुमारे १.५ लिटर पाणी तयार होते. रात्रभरात हे प्रमाण १० लिटरच्या पुढे जाऊ शकते. निचरा बंद झाल्यास एवढे पाणी खोलीतच सांडते. कोरड्या हवेत मात्र हेच यंत्र जेमतेम काही थेंब पाणी सोडते.

हिमनाश

उबदारीच्या कार्यात थंड वेटोळे घराबाहेरील घटकात असते. बाहेरचे तापमान सुमारे ५ अंशांखाली गेले व हवा दमट असली, की या वेटोळ्यावर हिम साठू लागते. ते वितळवण्यासाठी यंत्र ठरावीक काळाने काही मिनिटे उलट दिशेने चालते. त्यास हिमनाश चक्र म्हणतात. या वेळी बाह्य घटकातून वाफेसारखे धुके निघते व तळाच्या छिद्रांतून पाणी वाहते. हे अपेक्षित वर्तन आहे.

अभिसरणाचे पाणी

हवा ते पाणी, भूऔष्णिक आणि जलतापक प्रकारांत पाणी दाबाखाली नळ्यांतून किंवा टाकीत असते. येथील गळती बाष्पापासून नव्हे, तर सांधे, पंप, झडपा, उष्णता विनिमयक किंवा टाकीच्या भिंतीतून होते.

शीतकाविषयीचा गैरसमज

यंत्राखाली साचलेले पाणी म्हणजे ‘गॅस’ गळत आहे, असा समज रूढ आहे. आर-३२, आर-४१०ए आणि आर-२९० यांसारखी शीतके वातावरणीय दाबाला व नेहमीच्या तापमानाला वायुरूप असतात. त्यामुळे त्यांची गळती झाल्यास पाण्याचे डबके होत नाही. फार तर सांध्यापाशी तेलाचा डाग दिसतो. शीतकगळती पाणीगळतीस कारणीभूत होऊ शकते, परंतु ती अप्रत्यक्षपणे, वेटोळे गोठवून. म्हणून केवळ पाणी गळते या कारणास्तव, दाब व तापमान न तपासता शीतक भरणे निरुपयोगी ठरते. गरजेपेक्षा अधिक शीतक भरल्यास संपीडकाची हानी होऊ शकते.

कारणे

निचऱ्यातील अडथळा

वेटोळ्यावरून ओघळणारे पाणी त्याखालील तबकात, ज्याला कारागीर ‘ड्रेन ट्रे’ म्हणतात, जमा होऊन नळीवाटे बाहेर जाते. हवेतील धूळ, तंतू आणि त्वचेचे कण या ओलसर तबकात साठतात. त्यांवर जीवाणू व बुरशी वाढून बुळबुळीत थर तयार होतो. हा थर सुटून नळीच्या तोंडाशी अडकला की तबक भरते व पाणी कडेवरून खोलीत उतरते. नळीच्या बाहेरील टोकाशी कुंभारीण माशीने केलेले मातीचे घर, कोळ्याचे जाळे किंवा मेलेली पाल यांमुळेही मार्ग बंद होतो.

चुकीचा उतार व हवेचा अडसर

निचरा बहुधा गुरुत्वाकर्षणावर चालतो. नळीस प्रत्येक १ मीटर लांबीमागे किमान १ सेंटिमीटर उतार असावा, असा सामान्य संकेत आहे. नळी मध्येच वर चढलेली किंवा झोळीसारखी लोंबलेली असल्यास खोलगट भागात पाणी व गाळ साचतो. नळीचे टोक बादलीतील पाण्यात बुडालेले असल्यास आतील हवेस बाहेर पडण्यास वाट राहत नाही आणि तबकातील पाणी उतरत नाही. भिंतीवरील घटक निचऱ्याच्या विरुद्ध बाजूस झुकलेला असेल, तर निचरा पूर्ण मोकळा असूनही तबक दुसऱ्या टोकाकडून सांडते.

ऋण दाब

मध्यवर्ती यंत्रांत पंखा वेटोळ्यातून हवा ओढतो. त्यामुळे तबकाच्या जागी दाब खोलीपेक्षा कमी असतो. अशा वेळी निचरा नळीतून हवा आत खेचली जाते आणि तबकातील पाणी अडून राहते. हे टाळण्यासाठी नळीला पाण्याचा सापळा देतात. २५० पास्कल ऋण दाब सुमारे २५ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. सापळ्यातील पाण्याची उंची त्याहून अधिक ठेवावी लागते. घट्ट बंद होणाऱ्या दारे-खिडक्यांच्या सदनिकांमध्ये स्वयंपाकघरातील निष्कासन पंखा चालू केल्यावर स्प्लिट यंत्राच्या नळीतूनही हवा आत येते व गुडगुड असा आवाज होतो. जपानमधील सदनिकांत ही तक्रार परिचित असून त्यावर नळीत एकदिशा झडप बसवण्याचा उपाय केला जातो.

वेटोळे गोठणे

वेटोळ्याचे तापमान शून्य अंशाखाली गेल्यास त्यावर बर्फ साठतो. हवेचा प्रवाह कमी होणे हे त्याचे नेहमीचे कारण होय. मळलेली जाळी, धुळीने भरलेला पंखा किंवा बंद केलेले वायुमार्ग यांमुळे असे घडते. शीतक कमी झाल्यास बाष्पकातील दाब व त्यासोबत तापमान उतरते, आणि तेव्हाही बर्फ होतो. यंत्र बंद झाल्यावर हा बर्फ एकाच वेळी वितळतो आणि पाणी तबकाबाहेर पडते. यंत्र चालू असताना कोरडे आणि बंद केल्यावर गळणारे, हे या दोषाचे लक्षण मानले जाते.

उष्णतारोधनातील उणीव

स्प्लिट यंत्रात प्रसरण झडप सहसा बाह्य घटकात असते. त्यामुळे थंडाव्याच्या कार्यात दोन्ही तांब्याच्या नळ्या थंड असतात व दोन्हींवर स्वतंत्र आच्छादन लागते. आच्छादनाचे जोड उघडे राहिले, ते उन्हाने फाटले किंवा आवळून बांधल्याने दबले, तर त्या जागी दव जमून भिंतीवर ओघळते. निचरा नळीतील पाणीही थंड असते. ती नळी छताच्या पोकळीतून जात असल्यास तिलाही आच्छादन आवश्यक ठरते.

जलवाहिन्या, झडपा व टाकी

पाणी १० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवल्यास त्याचे आकारमान सुमारे १.७ टक्क्यांनी वाढते. २०० लिटरच्या टाकीत ही वाढ सुमारे ३.४ लिटर होते. ती सामावून घेण्यासाठी प्रसरण टाकी असते. तिच्यातील हवेचा दाब उतरला किंवा पडदा फाटला, तर वाढलेला दाब सुरक्षा झडपेतून पाण्याच्या रूपाने बाहेर पडतो. घर तापवणाऱ्या बंद प्रणालींत ही झडप बहुधा ३ बार दाबाला उघडते. ठिबकणारी सुरक्षा झडप बूच लावून बंद करणे अत्यंत धोकादायक आहे. त्यामुळे टाकी फुटू शकते.

पोलादी टाकीच्या आतील संरक्षक धातुदंड झिजून संपल्यावर टाकीचे क्षरण सुरू होते. अशी गळती दुरुस्त होत नाही व टाकी बदलावी लागते. कठीण पाण्याच्या प्रदेशात क्षार साठल्याने झडपा पूर्ण बंद होत नाहीत.

गोठणारे पाणी

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. संपूर्ण यंत्रणा घराबाहेर असलेल्या एकसंध प्रकारात वीज खंडित होऊन अभिसरण थांबले, तर नळी किंवा उष्णता विनिमयक फुटू शकतो. यावर प्रॉपिलीन ग्लायकोलचे मिश्रण किंवा गोठणरोधक झडपा वापरतात. या झडपा पाण्याचे तापमान सुमारे ३ अंशांवर आले की आपोआप उघडून पाणी सोडतात. अशा वेळी दिसणारी ‘गळती’ हे संरक्षण असते.

निदान

पाणी केव्हा व कोठे दिसते यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

• थंडाव्याच्या कार्यात आतील घटकाखाली सतत थेंब: निचऱ्यातील अडथळा, उतार किंवा तबकास तडा.
• यंत्र बंद केल्यावर एकदम पाणी: गोठलेले वेटोळे.
• हवेच्या झोताबरोबर उडणारे थेंब: मळलेले वेटोळे किंवा पंखा.
• भिंतीच्या छिद्राजवळ किंवा नळ्यांच्या मार्गावर ओल: आच्छादनातील उणीव.
• केवळ पाऊस पडताना ओल: भिंतीतील छिद्र नीट न बुजवणे.
• उबदारीच्या कार्यात आतील घटकाखाली पाणी: या वेळी आतील वेटोळे गरम असल्याने हे पाणी बाष्पाचे असण्याची शक्यता अल्प. छत, जवळची जलवाहिनी किंवा पाऊस यांचा शोध आवश्यक.
• उबदारीच्या कार्यात बाह्य घटकाखाली पाणी: हिमनाशाचे पाणी, दोष नव्हे.
• बंद जलप्रणालीत दाब वारंवार उतरणे: सांधा, झडप किंवा भूमिगत नळीतील गळती.

निचऱ्याची साधी परीक्षा तबकात हळूहळू सुमारे १ लिटर पाणी ओतून करता येते. तेवढेच पाणी बाहेरील टोकातून अखंड धारेने आले, तर मार्ग मोकळा समजतात. ही परीक्षा यंत्राचा वीजपुरवठा बंद करून करावयाची असते.

परिणाम

थोडीशी गळतीही दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्यास गिलावा फुगतो, रंगाचे पोपडे निघतात व लाकडी सामान कुजते. ओल १ ते २ दिवसांत सुकली नाही तर बुरशी वाढू लागते. दमा व श्वसनविकार असलेल्यांना तिचा विशेष त्रास होतो. आतील घटकातील नियंत्रण पट्टिकेवर पाणी पडल्यास ती निकामी होते आणि विजेचा धक्का बसण्याचा धोका उद्भवतो. छताच्या पोकळीत बसवलेल्या यंत्राची गळती खाली दिसेपर्यंत वरील भाग बराच भिजलेला असतो. त्यामुळे अशा ठिकाणी दुय्यम निचऱ्याचे महत्त्व अधिक आहे.

प्रतिबंध

बसवताना

भिंतीतील छिद्र बाहेरच्या बाजूस उतरते ठेवणे, आतील घटक पाणसळीने तपासून बसवणे आणि निचरा नळी तांब्याच्या नळ्यांच्या खालच्या अंगास बांधणे हे प्राथमिक नियम होत. यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी पाणी ओतून निचरा दाखवून घेणे हितावह असते. काम झाल्यानंतर नळ्या आवरणाआड जातात व दोष दिसेनासा होतो.

निचरा नळी थेट सांडपाण्याच्या वाहिनीस जोडल्यास दुर्गंधी व दूषित वायू खोलीत येतात. त्यासाठी मध्ये सापळा किंवा मोकळे अंतर ठेवतात. अमेरिकेतील बांधकामसंहितांनुसार, जेथे पाणी सांडल्याने इमारतीची हानी होऊ शकते तेथे दुय्यम तबक, दुय्यम निचरा किंवा पाणी वाढताच यंत्र बंद करणारी तरंगकळ आवश्यक असते. जेथे पाणी वर चढवावे लागते तेथे लहान पंप बसवतात. हा पंप बंद पडल्यास यंत्रही बंद होईल अशी जोडणी केली जाते.

नियमित देखभाल

• हवेची जाळी वापराच्या हंगामात दर २ ते ४ आठवड्यांनी धुणे.
• वर्षातून किमान एकदा वेटोळे, पंखा व तबक स्वच्छ करणे.
• निचरा नळी बाहेरील टोकाकडून ओल्या कचऱ्यासाठीच्या निर्वात झाडणीने ओढून मोकळी करणे. आतून जोराने फुंकल्यास गाळ सांध्यांत अडकू शकतो.
• क्लोरीनयुक्त तीव्र रसायने अॅल्युमिनियमच्या पात्यांवर न वापरणे, कारण त्यांमुळे क्षरण होते.
• नळ्यांचे आच्छादन तपासून उन्हाने झिजलेला भाग बदलणे.
• जलप्रणालीत दाब, प्रसरण टाकी व सुरक्षा झडप यांची वार्षिक तपासणी करणे.

वापरातील सवयी

दमट हवेत दारे-खिडक्या उघड्या ठेवून यंत्र चालवल्यास बाष्प सतत आत येते व आवरणावरही दव धरते. अतिशय कमी तापमान व पंख्याची मंद गती यांचा एकत्रित वापर दीर्घकाळ केल्यास दव व बर्फ यांची शक्यता वाढते. जमिनीखालील नळ्यांतून घर थंड करताना पाण्याचे तापमान दवबिंदूच्या वर राखावे लागते, अन्यथा फरशीच ओली होते.

थंड प्रदेशात

बाह्य घटक जमिनीपासून उंच व बर्फाच्या अपेक्षित थराच्या वर बसवतात. हिमनाशाचे पाणी पायवाटेवर जाऊन गोठू नये म्हणून खाली खडीचा शोषखड्डा करतात. तळतबकात पाणी गोठून पंख्यास अडू नये यासाठी काही यंत्रांत तापकपट्टी असते.

महाराष्ट्र व गोव्यातील स्थिती

मुंबई, कोकण व गोवा येथील हवा वर्षाचा बराच काळ दमट असते. त्यामुळे तेथे संघनित पाण्याचे प्रमाण अधिक असते. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात ते कमी राहते आणि पावसाळा सुरू होताच वाढते. म्हणून उन्हाळाभर न गळणारे यंत्र जूनमध्ये अचानक गळू लागले, तरी अडथळा पूर्वीपासूनच असण्याची शक्यता असते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने बाह्य घटकाची पाती व टेकू लवकर गंजतात.

बहुमजली इमारतींत लोंबत्या निचरा नळीचे पाणी खालच्या घराच्या छज्जावर किंवा वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणे, हा शेजाऱ्यांमधील वादाचा नेहमीचा विषय आहे. सर्व मजल्यांसाठी एक सामायिक उभी निचरा वाहिनी ठेवल्यास हा प्रश्न सुटतो. तथापि अशी वाहिनी तळाशी तुंबल्यास वरच्या मजल्यांचे पाणी खालच्या घरातील यंत्रातून बाहेर येते. त्यामुळे तिची स्वच्छता ही सामायिक जबाबदारी ठरते.

पाण्याचा पुनर्वापर

संघनित पाण्यात क्षार अत्यल्प असतात, परंतु त्यात धूळ, सूक्ष्मजीव व वेटोळ्यातील धातूंचे अंश असू शकतात. ते पिण्यायोग्य नसते. झाडे, फरशी पुसणे व शौचालय यांसाठी ते वापरता येते. ऊर्ध्वपातित पाणी समजून ते बॅटरीत घालणे टाळतात, कारण त्यातील अशुद्धी बॅटरीस अपायकारक ठरू शकते. ग्लायकोलमिश्रित जलप्रणालीतून गळलेले पाणी मात्र कोणत्याही वापरास योग्य नसते.

हे सुद्धा पहा

• वातानुकूलन
• दवबिंदू
• सापेक्ष आर्द्रता
• शीतक
• संघनन